माझा गल्ला भरतोय, कारण तुमची खोली बंद आहे

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी
आणि जिल्हा परिषद आरोग्य समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

साहेब, नमस्कार.

मी तापीकाठच्या एका बाजारगावात मेडिकल चालवतो. बावीस वर्षं झाली. गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचंही नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या पारावर ‘ही कोणाची सून, ती कोणाची बायको’ असा हिशोब सुरू होईल. तुम्हाला गाव कळेल. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर ‘बुधवारची स्त्री-तपासणी पुढील सूचनेपर्यंत बंद’ असा कागद चिकटवलाय, ते आमचं गाव. कागद लागला तेव्हा कपाशीला बोंडं धरत होती. त्यानंतर दुसरा कापूस घरात आला. पुढील सूचना आलेली नाही.

विषय बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याचा आहे. पुरुषाने, त्यातही दुकानदाराने, यावर जाहीर लिहावं का, असं घरात विचारून झालं. पण आमच्या पंचक्रोशीत या दुखण्याचं गाऱ्हाणं सगळ्यात जास्त कोण ऐकत असेल तर मी. डॉक्टरांपर्यंत जाईस्तोवर ते माझ्या काउंटरवरच थांबतं.

शनिवारचा बाजार असतो आमचा. दुकानात चार पुरुष उभे असले की बाई पलीकडे बांगड्यांच्या गाडीशी उगाच रेंगाळते. गर्दी ओसरली की पायरीशी येते, पदर तोंडाशी. ‘भाऊ, ती गोळी द्या ना.’ कोणती? ‘ती... बायकांची.’ सासू सोबत असली तर ती मोकळं बोलते, ‘मन्ही सूनले धवयं जास भाऊ, एखादी गोई दे.’ नवरा आला तर तो काहीच बोलत नाही. मागच्या वेळच्या पाकिटाची फाडलेली पट्टी काउंटरवर ठेवतो आणि आपल्याच मोटारसायकलकडे बघत राहतो. मी पुडी कागदात गुंडाळतो. कागद द्या असं कोणाला म्हणावं लागत नाही, हात आपोआप जुन्या पेपरकडे जातो.

बुधवारची तपासणी चालू होती तेव्हा मी म्हणायचो, ‘वहिनी, आज गोळी नेऊ नका, बुधवारी डॉक्टर मॅडमना दाखवा.’ बऱ्याच जणी जायच्या. आता कुठे पाठवू?

चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या का? दिल्या. नाही म्हणत नाही. पाकिटावरची लाल रेघ मला चांगली ठाऊक आहे. हे वाचून औषध निरीक्षक आले तर येऊ देत, चहा पाजीन आणि खरं तेच सांगेन. पण मी हे पत्र दुसऱ्या एका गोष्टीमुळे लिहितोय आणि ती माझ्या घरातली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला खाज सुरू झाली. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जायचं, लघवीला गेली की आग व्हायची. मी घरचाच मेडिकलवाला. बुरशीवरची, फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी आणि क्लोट्रिमाझोलचं मलम नेऊन दिलं. आठवड्यात बरं वाटलं. दीड महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा गोळी. असं आठ महिन्यांत चार वेळा झालं. ती रात्री वेगळी झोपायला लागली. मला वाटायचं, उकाड्यामुळे. नर्सिंगला असलेली मुलगी सुट्टीला घरी आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘पप्पा, आईची शुगर बघितली का?’

ग्लुकोमीटर माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात पाच ठेवलेले असतात. त्यातलाच एक फोडला. आकडा आला २८६.

साखर वाढली की ही बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, पुन्हा पुन्हा डोकं काढते. हे मला माहीत होतं. डिप्लोमाच्या पुस्तकात होतं. पण माझ्या काउंटरवर येणारी बाई ही माझ्यासाठी एक पुडी झाली होती, आणि घरातलीसुद्धा त्याच रांगेत उभी राहिली. साखर ताब्यात आली तसा तो त्रास गेला. हे लिहायला तिची परवानगी घेतली. ‘लिहा, पण माझं नाव नको,’ म्हणाली. मग थोडं थांबून, ‘आणि त्या दुसऱ्या बायकांचं पण लिहा.’

तर आता त्या दुसऱ्या बायकांचं.

तुमच्या केंद्रात आज बाई गेली आणि ‘अंगावरून जातंय’ म्हणाली की तिच्याकडे मान वर करूनही न बघता तिला हिरवं किट दिलं जातं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लैंगिक आजारांसाठी रंगाप्रमाणे किट ठरवलेत. त्यात हिरवं, म्हणजे दोन नंबरचं, योनीमार्गाच्या संसर्गासाठी. आत सेक्निडाझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. किट संपलं असलं की बाहेरची चिठ्ठी, म्हणजे माझं दुकान. मी किटची टिंगल करत नाही. प्रयोगशाळा नसेल तिथे लक्षणांवरून औषध द्यायची ही पद्धत विचारपूर्वक ठरवलेली आहे आणि तिने पुष्कळ बायकांचं भलं झालंय. पण त्याच पद्धतीच्या तक्त्यात स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून लावायचं साधन, लावून गर्भाशयाचं तोंड बघायला सांगितलंय. तक्त्यातली ती पायरी आपल्याकडे गाळली गेली, आणि उरली फक्त पुडी.

न बघता दिल्याने काय होतं, ते मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं. बुधवारची ओपीडी आटोपली की त्या कधीकधी दुकानात पाणी प्यायला थांबायच्या. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास, संबंधानंतर जास्त, तर तो बहुधा आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. कवडीदार आणि खाज, तर बुरशी. पिवळट-हिरवट, फेसाळ, तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव, आणि तो नवऱ्याकडूनच येतो-जातो. इथवर हिरवं किट चालून जातं. पण चौथा प्रकार असतो. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया, हेही संबंधातून लागणारे आजार, गर्भाशयाच्या तोंडालाच सूज. बाई सांगते तेच, ‘अंगावरून जातंय.’ कित्येकदा तर काही जाणवतही नाही. त्यावर हिरवं किट चालत नाही. त्याला करड्या रंगाचं, एक नंबरचं लागतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. चुकीची पुडी घेऊन बाई घरी जाते, जंतू वर गर्भनळ्यांपर्यंत चढतात, आणि चार-पाच वर्षांनी हीच बाई मूल राहत नाही म्हणून देवाला नवस बोलते, किंवा गर्भ नळीतच राहिला म्हणून रात्रीतून धुळ्याला न्यावी लागते. कोणती बाई कोणत्या प्रकारची, हे चिठ्ठी लिहायच्या टेबलावरून दिसत नाही. त्यासाठी आतलं टेबल लागतं.

ते टेबल मी बघून आलो. गेल्या महिन्यात एका पोटुशी पोरीच्या हातात फ्लुकोनाझोलची चिठ्ठी आली. तिसरा महिना असेल. पोटात घ्यायची ही गोळी गरोदरपणात टाळतात, आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या देतात. तिला कोणी विचारलंच नव्हतं की पाळी कधी आली. मी दुकान पोराच्या ताब्यात दिलं आणि चिठ्ठी घेऊन केंद्रात गेलो. चिठ्ठी बदलून मिळाली, कुरकुर झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. निघताना तपासणीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. टेबलावर ओआरएसचे खोके, त्यावर जुन्या मोहिमेच्या बॅनरच्या गुंडाळ्या. पाय ठेवायच्या लोखंडी कड्यांपैकी एकीला झाडू अडकवलेला. तपासणीचा मान वळवायचा गूजनेक दिवा भिंतीकडे तोंड करून उभा. खिडकीचा पडदा मात्र जागेवर होता, निळा, धुतलेला. कोणीतरी तो अजून धुतं, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही.

प्रयोगशाळेचंही तसंच. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे. मलेरियाच्या काचा, थुंकीच्या काचा त्यावर बघतात. सार्वजनिक आरोग्य सेवांची जी राष्ट्रीय मानकं आहेत, त्यांच्या २०१२ च्या यादीत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेसाठी वेट माउंट आणि ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून बघणं) ही कामं लिहिलेली आहेत. वेट माउंट म्हणजे काय? स्रावाचा एक ठिपका, सलाइनचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि लगेच बघायचं. ट्रायकोमोनास जिवंत असेपर्यंत वळवळतो, काच गार पडली की थांबतो, म्हणून लगेच. दुसऱ्या काचेवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे दिसतात, आणि जिवाणूंचा प्रकार असेल तर मासळीचा वास उठतो. अ‍ॅम्सेलच्या चार खुणा १९८३ पासून वापरात आहेत, बॅक्टेरियल व्हजायनोसिस ओळखायच्या. पातळ एकसारखा स्राव, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेचारच्या वर, थेंब टाकल्यावर वास, आणि काचेत जिवाणूंनी झाकलेल्या पेशी. चारांपैकी तीन जुळल्या की निदान झालं. यात मुंबईहून काही मागवायचं नाही. आमच्या केंद्रात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘त्याचं रजिस्टर नाही.’

आता भिंतीवरच्या पोस्टरबद्दल. ‘श्वेतप्रदर टाळा, स्वच्छता पाळा.’ साहेब, हे काढा. याचा अर्थ बायका असा घेतात की आपण घाणेरड्या आहोत म्हणून हे झालं. मग साबण, डेटॉल, कोणी तुरटीचं पाणी, आतपर्यंत धुतात. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात. ते आम्ल तयार करतात म्हणून तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीचे जंतू माजत नाहीत. विरजणच आहे ते. दह्याच्या भांड्यात डेटॉल ओतलं तर काय होईल? तेच होतं. आणि धुऊन बिघडलं की माझ्याकडे गुलाबी बाटलीतला इंटिमेट वॉश असतोच. तो सध्या दुकानात चांगला खपतो. तुमच्या पोस्टरला त्याचं कमिशन द्यायला हवं खरंतर.

त्याच्या उलटही आहे. कित्येक पोरींना काहीच झालेलं नसतं. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला तर तार धरणारा स्राव येतो. गरोदरपणातही पांढरं वाढतं. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही. पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पक्कं बसलंय की पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून जातात, अंगातलं सत्त्व जातं. कंबर दुखली, थकवा आला, सगळं त्याच्यावर. मग टॉनिक, कॅल्शियम, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून लोहभस्म. ‘पोरी, हे असंच असतं, घाबरू नको,’ एवढं एक वाक्य कोणीतरी तपासून सांगायला हवं. माझ्या तोंडून ते पटत नाही, कारण मी बघितलेलं नसतं.

नवऱ्यांचं सांगायचं राहिलं. बाईला औषध, नवरा मोकळा. ट्रायकोमोनास असो की गोनोरिया, दोघांनी एकदम घ्यायचं औषध एकटी घेते, महिन्याने पुन्हा तेच. तिला वाटतं औषध हलकं दिलं. मग ती दुसऱ्या मेडिकलवर जाते. आमच्या धंद्याला अशी फिरती गिऱ्हाइकं फार सोयीची.

आणि सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटते ते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईला वासाचं, तांबूस पाणी जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद होऊनही डाग दिसत असेल, तर तो गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोगही असू शकतो. तिलाही हिरवंच किट मिळतं. सरकारच्याच कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी आहे. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. आपल्या भाषेत व्हिनेगरची तपासणी. तिला कुठलं मोठं यंत्र लागत नाही. लागतं तेच टेबल, ज्यावर ओआरएसचे खोके आहेत.

हे सगळं नवं नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किमान एक आजार निघाला. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. सगळ्या जगाने त्या अभ्यासाचा दाखला दिला. महाराष्ट्रातल्याच दोन गावांची ती गोष्ट आहे, आणि आम्ही अजून झाडू कुठे टांगायचा हे ठरवतोय.

तुमच्या बाजूचंही मला कळतं. मॅडमची बदली झाली, जागा भरली गेली नाही, आहे तो डॉक्टर एकटा आणि पुरुष. बायका पुरुष डॉक्टरसमोर टेबलावर चढत नाहीत. एका केंद्रामागे सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोक धरलेत, त्यात सर्पदंश, बाळंतपणं, लसीकरण, सगळं. आशाताई तर ऑनलाइन नोंदी करता करता थकून जातात. पण जागा रिकामी आहे म्हणून दिवसच बंद करायचा, आणि बंद करताना बायकांनी कुठे जावं हे त्या कागदावर एका ओळीनेही लिहायचं नाही, हे मला मान्य नाही.

कुठे जातात ते मी सांगतो. थोड्या तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात. पैसेवाल्या. बाकी माझ्याकडे. आणि काही जणींना कोणीतरी सांगतं, ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.’ पस्तिशीतल्या बायका हे ऐकून माझ्याकडे विचारायला येतात की भाऊ, काढू का? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची चौकशी करायला २०१९ साली राज्याला समिती नेमावी लागली. आपल्याकडूनही दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांवरून कितीतरी जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात, पाच-सहा महिने उघड्यावर, पाण्याची बोंब. त्या जाण्याआधी कोणी तपासतं का त्यांना?

मागण्या साध्या आहेत.

बुधवार परत सुरू करा, आणि तारीख लिहून करा. महिला डॉक्टर नेमेपर्यंत ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडम आठवड्यातून एक दिवस पाठवा. स्पेक्युलम तपासणीचं आणि व्हिनेगरच्या तपासणीचं प्रशिक्षण आपल्या सिस्टरना द्या. त्या हे उत्तम करतील, बायकाही त्यांच्यापुढे लाजत नाहीत.

प्रयोगशाळेत वेट माउंटचं रजिस्टर उघडा. पीएचच्या पट्ट्या आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड खरेदीच्या यादीत घाला. अडत असेल तर पहिल्या वर्षाच्या पट्ट्या मी देतो, बिल नको.

किट देण्याआधी चार प्रश्न विचारल्याची खूण केसपेपरवर हवी. पाळी कधी आली, खालच्या पोटात दुखतं का, रक्त किंवा दुर्गंधी आहे का, नवऱ्याला काही त्रास आहे का. वर्षात दोनदा किट नेलेल्या बाईची साखर तपासल्याशिवाय तिसरं देऊ नका. नवऱ्याची चिठ्ठी बाईच्या हाती न देता त्याला बोलवून द्या. जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा दवाखाना, कुठल्या खोलीत, कुठल्या वेळेला असतं, ते केंद्राच्या दारावर लिहा. माझ्या दुकानाच्या शटरवर लिहायलाही माझी हरकत नाही.

पोस्टर बदला. नवीन पोस्टर अहिराणीतही असू द्या, वर सातपुड्यात पावरी आणि भिलीतही. ‘आतून धुऊ नका’ हे त्यात सगळ्यात मोठ्या अक्षरात असावं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दसऱ्याच्या आसपास पाड्यांवर एक फेरी. दिवाळीनंतर ती करून उपयोग नाही, तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.

हे झालं तर माझा धंदा कमी होईल. बायकोला म्हटलं तसं. ती म्हणाली, ‘होऊ द्या.’

येत्या बुधवारी सकाळी दहाला मी केंद्रात येतो. सोबत ती असेल, आणि बाजारपेठेतल्या सात-आठ बायकांनी येईन म्हटलंय. निवेदनाची प्रत आणतोच. दुकानातली दोन पोरंही घेऊन येतो, ते खोके शेजारच्या पडवीत हलवायला अर्धा तास पुरेल. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं फक्त आधी कळवून ठेवा.

आपला,
एक मेडिकलवाला